बारका आकडा

"संपलं एकदाचं," कॉमिक्सच्या दुकानात पाऊल टाकता टाकताच मिसेस निएमी म्हणाल्या आणि बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर झटकू लागल्या. "आण बाबा, दे तो शेवटचा."

दुकानदार गॅरेटने अंक काढूनच ठेवला होता. 'धुक्याचा राखणदार', अंक दोनशे अठरा. चित्रात राखणदार पाठमोरा धुक्यात निघून चालला होता आणि खाली लाल ठसठशीत अक्षरं होती: अखेरचा अंक.

बाहेर गाडी सुरू ठेवून त्यांची बहीण रूथ बसली होती. मागच्या सीटवर बॅगा काचेपर्यंत रचलेल्या. मिसेस निएमी हे गारठलेलं डलुथ शहर सोडून बहिणीकडे टक्सनला, उन्हात, कायमच्या राहायला निघाल्या होत्या.

दुकानाच्या मागच्या भिंतीला नेहमीच्या गिऱ्हाइकांची खोकी ओळीने मांडलेली असत. बुधवारी नवे अंक आले की ज्याचे त्याच्या खोक्यात पडायचे. एरिक निएमी खनिज वाहणाऱ्या बोटीवर कामाला, महिनोन् महिने सरोवरावर. म्हणून त्याचं खोकं त्याची आई रिकामं करायची. "आई, एकही नंबर चुकवू नकोस हं," एवढं बजावून तो जायचा. चार वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या वादळात तो डेकवरून पाण्यात गेला. शोधणाऱ्यांच्या हाती त्याची टोपी तेवढी लागली. खोकं रिकामं करायला आई येतच राहिली. मागच्या हिवाळ्यात याच दारात घसरून त्यांनी मनगट मोडून घेतलं, तरी आल्या. मालिका बंद होणार असं छापून आलं, तेव्हा कुठे त्यांनी रूथला कळवलं की ही संपली की मी मोकळी.

आणि त्या मोकळ्या व्हाव्यात असं गॅरेटला मनापासून वाटत होतं.

"हे पण न्या," तो म्हणाला. खोक्यावरची नावाची चिकटपट्टी त्याने सकाळीच अलगद सोडवली होती. एरिकने स्वतःच्या हाताने लिहिलेली, वाकडीतिकडी.

मिसेस निएमींनी ती बोटाच्या टोकावर धरली. "अक्षर म्हणजे नुसता कोंबडीचा पाय. शाळेतही बोलणी खायचा." त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. बाहेर रूथने हॉर्न वाजवला. त्या वळल्या, आणि दाराजवळच्या फळीपाशी थांबल्या.

त्या फळीवर आज सकाळीच आलेला गठ्ठा होता. त्या येताना दिसल्या तेव्हा गॅरेटने घाईघाईने त्यावर वर्तमानपत्र टाकलं होतं, पण दाराच्या वाऱ्याने ते घसरून खाली पडलं होतं. वरच्या अंकावर राखणदार धुक्यातून समोर चालत येत होता. डोक्यावर वीतभर मोठा सोनेरी आकडा होता: एक.

"हा कोण रे?"

"ती... ती वेगळी मालिका आहे." चोराच्या मनात चांदणं, म्हणून गॅरेट उगाचच हसला. "नव्या पोरांसाठी. आपल्याशी काही संबंध नाही तिचा."

"टोपी तर तीच आहे."

"नाव तेच, टोपी तीच, बाकी सगळं नवं. या प्रकाशकांचं काय सांगू तुम्हाला! अंक एक छापला की लोक दोन-दोन प्रती उचलतात. माझ्याकडे याच राखणदाराचे तीन वेगवेगळे पाच नंबर आहेत. कुठल्या पाचानंतर कुठला सहा, हे सांगता सांगता माझे केस गेले. तुम्ही नका त्या फंदात पडू. तुमची संपली."

त्यांनी चष्मा लावला. अंक उचलून खिडकीशी नेला, दोनशे अठराच्या शेजारी धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"आणि इथे खाली कोपऱ्यात काय लिहिलंय?"

गॅरेटने मान खाली घातली. जुन्या मालिकेच्या क्रमाचा तो बारका आकडा दर वेळी छापतात. जुनी माणसं कुरकुरू नयेत म्हणून.

"वाच ना. तुझे डोळे चांगले आहेत."

"दोनशे एकोणीस," तो म्हणाला.

"म्हणजे संपली नाही."

"मिसेस निएमी, ऐका माझं. मी पोस्टाने पाठवीन. दर महिन्याला, न चुकता. पैसेही नकोत. तुम्ही जा हो."

"टक्सनला पाठवशील?"

"हो, अगदी घरपोच."

"अरे, पण बोटीवरून उतरला की तो आधी इथे यायचा. घरीसुद्धा नंतर." हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. खोटं बोलायचंच होतं तर गठ्ठा मागच्या खोलीत का नाही टाकला, म्हणून गॅरेट स्वतःलाच शिव्या देत राहिला.

"एवढा मोठा एक आहे त्यावर," तो कसाबसा म्हणाला. "नव्याने सुरुवात करा म्हणतात ते."

"ज्यांना करता येते त्यांच्यासाठी आहे तो. माझा हा बारका."

रूथने पुन्हा हॉर्न वाजवला, या वेळी लांबलचक. मिसेस निएमी मागच्या भिंतीशी गेल्या. दोन्ही अंक रिकाम्या खोक्यात नीट उभे केले. चिकटपट्टी परत खोक्यावर लावली, पण तिचा डिंक सुकला होता, धरेना. त्यांनी तिच्यावर अंगठा दाबला आणि तसाच दाबून धरून त्या उभ्या राहिल्या.