चाकावरचं नाव

"नाव हाय की न्हाय, एवढंच सांगा," नजीरा म्हणाली.

वीरेशनं हातातला तारेचा ब्रश खाली ठेवला. तो शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीतला इंजिनिअर. गावच्या बंद पडलेल्या खाणीचा मनोरा दुरुस्त करायचं काम त्यानं अंगावर घेतलं होतं. चार लोखंडी पाय, वर पुरुषभर उंचीचं चाक, चाकावरनं दोर आणि दोराला पाळणा. त्या पाळण्यातनं साठ वर्षं माणसं जमिनीच्या पोटात जायची आणि शाळेच्या पाट्यांचा काळा दगड वर यायचा. पाट्या गेल्या, खाण गेली. मनोरा तेवढा भंगारवाल्यांच्या तावडीतनं वाचला, आणि आता पंचायतीला एकाएकी त्याचा उमाळा आला होता.

"नाव हाय, आक्का," वीरेश म्हणाला. "काठाचा थोडा रंग काढून बघितलाय. ग्लासगो लिहिलंय. विलायतेचं चाक हाय."

नजीरा पायथ्याच्या दगडावर बसली.

तिचे अब्बा शमशुद्दीन एकतीस वर्षं हाच पाळणा चालवत होते. आणि ते चाक अब्बांच्या वडिलांनी, दादामियाँनी, कोल्हापुरात ओतलं, काठावर त्यांचं नाव आहे, ही गोष्ट नजीरा दुसरीत असल्यापासनं ऐकत आली होती. ऐकत कसली, सांगत आली होती. लग्न होऊन हुपरीला गेली, तिथं तिच्याबरोबर पैंजणांच्या कामाला बसणाऱ्या बायकांनाही ती पाठ झाली. तिचा मुलगा अरीब मेकॅनिकलला गेला तो पणजोबाचं नाव काढायला. गावात एकटे सयाजी गुरुजी म्हणायचे, असली चाकं विलायतेहून यायची. तसं म्हटलं की नजीरा अख्खी गल्ली डोक्यावर घ्यायची. अब्बा मात्र गप्प. भांडण त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

नजीरा खास माहेरी आली होती, कारण उद्या गावासमोर चाकावरचा रंग निघणार होता. आणि रंग तरी किती! दर खंडेनवमीला कामगार यंत्रांना हार घालायचे आणि अब्बा चाकाला रंगाचा हात द्यायचे. त्या कामाला दुसऱ्या कुणाला वर चढू द्यायचे नाहीत. खरवडायचं ठरलं तेव्हाही तेच एकटे म्हणाले, "रंग हाय तो बरा हाय की. कशाला लोखंड उघडं पाडताय?" म्हाताऱ्याचा जीव अडकलाय, म्हणून लोक हसले होते.

"अब्बांना सांगू नका," नजीरा म्हणाली. "ऐंशीचं माणूस हाय. एवढ्या एका गोष्टीवर जगलंय. चारचौघांत खोटं पडलं तर हाय खाईल."

वीरेशनं तिच्याकडं बघितलं. मग बाटली काढून पाणी प्यायला.

"चाचांना हे खरंच वाटतं?"

"वाटतं म्हंजे? बापाचं नाव हाय ते."

"आक्का, मनोऱ्यापुढं माहितीचा बोर्ड लावायचाय, त्यावर मी खोटं लिहिणार न्हाय. चाक कुणी केलं ते लिहीतच न्हाय. एकतीस वर्षं कुणी चालवलं, तेवढं लिहितो."

"तेवढं पुरे की. पर उद्या लोक खालनं विचारतील, त्यांना काय सांगशीला?"

"बघतो," वीरेश म्हणाला आणि त्यानं पुन्हा ब्रश उचलला.

बघतो म्हणणारी माणसं पुढं काय बघतात ते नजीराला चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. अब्बाही दोन घास खाऊन उठले.

सकाळी दहाला माळावर ही गर्दी. अब्बांना खुर्ची दिली होती. शेजारच्या खुर्चीवर सयाजी गुरुजी, मांडीवर वही उघडून, टपल्यासारखे. नजीरा अब्बांच्या पाठीशी उभी राहिली. चक्करबिक्कर आली तर असू दे म्हणून पाणी, साखर, गोळ्या, सगळं पिशवीत घालून आणलं होतं तिनं.

वीरेश वर चढून खरवडायला लागला. रंगाचे पापुद्रे खाली पडत होते, निळे, लाल, पुन्हा निळे. सगळा गाव वर बघत होता. अब्बा तेवढे मान वळवून नजीराकडं बघत होते.

"काय झालं, अब्बा? बरं वाटंना का?"

"मला काय हुतंय? तू सावलीत बस जा. उन्हाची उभी राहू नगं."

"अक्षरं दिसत्यात का, पावणं?" गुरुजींनी खालनं हाळी दिली.

वीरेशचा हात थांबला. नजीरानं डोळे गच्च मिटले.

"दिसत्यात," वरनं आवाज आला. "दादामियाँ. कोल्हापूर."

माणसांनी टाळ्या पिटल्या. गुरुजी उठले, वही मिटली, आणि पंचायतीनं आणलेला हार त्यांनी स्वतः अब्बांच्या गळ्यात घातला. "हरलो गा, शमशुद्दीन," म्हणाले. वीरेशनं वर लगोलग लाल प्रायमर फासला, उघडं लोखंड गंजतंय म्हणून. नजीरा हमसून हमसून रडत होती. लोकांना वाटलं, अभिमानानं. तिचा बाप वाचला होता, म्हणून रडत होती ती.

निघायच्या आधी वीरेश चहाला घरी आला. नजीरानं दुधात पाण्याचा थेंब घातला नाही. या माणसाचे उपकार कसे फेडायचे ते तिला कळत नव्हतं, आणि अब्बांसमोर बोलायचीही सोय नव्हती. कपबश्या घेऊन ती दाराशी आली आणि थांबली. सोप्यात अब्बा वीरेशचा हात दोन्ही हातांत धरून हळू आवाजात बोलत होते.

"परवा मी तुझ्याकडं आलतो, माझ्या बापाचंच नाव वाच म्हणालतो, ते पोरीच्या कानावर जाऊ दिऊ नगंस, बाळा. दुसरीत हुती. शाळेत पोरं म्हणायची, तुमी भायेरची, हितं तुमचं काय हाय? रडत घरी आली, तवा मी त्या चाकाकडं बोट दावलं. माझ्या बापानं हयातभर बैलांना नाल ठोकलं, फाउंड्री बघितली सुदिक न्हवती त्यानं. पर पोरगी त्या दिवसापासनं ताठ मानेनं चालाय लागली, आन् मग खरं सांगायचं मला धाडसच झालं न्हाय."