सोपारा पाहायचा राहिला

दवाखान्यातून आल्यावर अंजनाबाईंनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातूनच म्हणाल्या, "आता तरी मले सोपाऱ्याले नेऊन आणा जी."

प्रेमानंदांनी पेपर खाली केला आणि सुनेकडं पाहिलं. नंदिनीनं हळूच सांगितलं, काचबिंदूच आहे. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली वर्षभर टिकली तरी पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले.

"थंडी पडू दे," प्रेमानंद म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही.

जरीपटक्यातल्या त्या गल्लीत त्यांना सगळे सोपारावाले म्हणत. लग्नाआधी तीन वर्षं ते तिकडच्या एका कारखान्यात कामाला होते, तेवढ्यावरून पडलेलं नाव. रविवारी विहारात वंदना आटोपली की कोणी ना कोणी म्हणायचंच, सोपाऱ्याचं सांगा. मग ते सांगत. आज लोकलच्या पाटीवर नालासोपारा वाचतो ना आपण, तेच एकेकाळी शूर्पारक होतं. परदेशांतून गलबतं यायची. पुढं गाळ साचत गेला, पाणी हटत गेलं आणि बंदर जमिनीवर आलं. एका टेकाडाला लोक बुरुड राजाचा कोट म्हणत. तो खणला, तर आत स्तूप. स्तूपात दगडी पेटी, तिच्यात तांब्याची डबी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, मग स्फटिकाची आणि सगळ्यांत आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय, तर मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. आणि छप्पन साली इथं आपले मायबाप दीक्षा घेत होते, त्याच साली तिकडं अशोकाच्या लेखाचा आणखी एक तुकडा हाती लागला.

लोक माना डोलवत. अंजनाबाई मागच्या रांगेत बसून ऐकत. घरी येताना त्यांचे प्रश्न वेगळेच असत.

"तुम्ही राहत होते ती चाळ असन का जी अजून?"

"पाडली असन."

"शेजारी कोण होतं तुमच्या?"

"लोक होते. आता कोण कुठं." आणि ते पुन्हा पाण्याकडं वळत, खाडी कशी मागं सरली ते सांगत. अंजनाबाई घरी येऊन तांदूळ निवडायला बसत आणि स्वतःशीच गुणगुणत,

*सागर मागं गेला, बाई, सुकला किनारा,*
*कोणाची वाट पाहे एकटा सोपारा.*

थंडी पडली. प्रेमानंदांचा गुडघा दुखायला लागला. गुडघा थांबला, तर कामठीला भाच्याचं लग्न निघालं. लग्न झालं आणि ऊन तापलं. अंजनाबाई भांडल्या नाहीत. दर महिन्याला एकदा विचारायच्या, तेवढंच. नंदिनीला मात्र राहवलं नाही. बाबा आपल्या जिभेवरच सगळ्यांना सोपारा फिरवून आणतात, तिकिटाची गरजच काय, असं ती जेवताना बोलून गेली. प्रेमानंद हसले नाहीत. तिथं आता पाहण्यासारखं काही राहिलं नाही, गर्दी आहे नुसती, म्हणाले.

अंजनाबाईंनी तयारी तरी सोडली नव्हती. नंदिनीला घेऊन त्या बाजारात गेल्या, कापडाला डोळे टेकवून टेकवून मोरपंखी रंगाचं लुगडं निवडलं. सत्तरीत हा रंग, म्हणून नंदिनीनं चिडवलं. "तिकडं शोभन वं," त्या म्हणाल्या. लुगड्याची घडी त्यांनी मोडली नाही.

पावसाळ्यात उजवा डोळा गेला. दिवाळीच्या आत डावाही मंदावला. आधी सुईत दोरा जाईना. मग वाटीतलं वरण कुठं आणि भात कुठं ते कळेना. एके दिवशी सकाळी त्यांनी चेहऱ्यापुढं हात धरला, बोटं हलवली आणि नंदिनीला शांतपणे विचारलं, खिडकी बंद आहे का. खिडकी सताड उघडी होती.

प्रेमानंद दारात उभे होते. ते तिथूनच मागं फिरले.

दुपारी घरी आले ते मुंबईची दोन तिकिटं घेऊन. अंजनाबाई पलंगावर बसल्या होत्या. प्रेमानंद त्यांच्या पायाशी खाली बसले. गुडघा दुखतो हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

"अंजना, चाल. परवाची गाडी आहे."

"आता राहू द्या जी."

"चुकलं माह्यं. तू वर्षभर म्हणून राहिली आणि मी टाळत राहिलो. मी भेलो होतो."

"मले मालूम आहे."

तिला काय मालूम असणार, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी तिचे दोन्ही हात हातांत घेतले. एकेक जागा सांगीन, म्हणाले. स्तूपाच्या विटांवर, दगडांवर तुझा हात ठेवीन. डोळ्यांनी नाही तर हातानं पाहशील, पण सोपारा पाहिल्याशिवाय तुला राहू देणार नाही.

अंजनाबाईंनी एक हात सोडवून घेतला. चाचपडत त्यांच्या चेहऱ्यावरून फिरवला, कपाळ, नाक, हनुवटी. तोंड ओलं लागलं, ते पदरानं पुसलं.

"दगड काय जी, हातानं समजन," त्या म्हणाल्या. "पण तिथली तुमची लेक तुमच्यावर गेली का तिच्या मायवर, ते मले आता कसं समजन?"