मान डोलावणारे बुवा

मुलं गात होती आणि नरहरबुवा मान डोलावत होते. ती शाबासकी समजून मुलं खुलली होती. बुवा खरं तर पेंगत होते.

"कशातच मन रमत नाही गं," घरी ते बायकोला म्हणाले. "क्लास बंद करतो."

"रात्रभर झोपेत श्वास अडकतो तुमचा. मन रमेल कसं? आधी डॉक्टरकडे चला."

डॉक्टरांनी झोपताना नाकाला लावायचं मशीन दिलं. "सोंड लावून झोपू?" बुवा कुरकुरले, पण लावलं.

महिन्याभरात उदासी ओसरली. बुवा क्लासमध्ये ताठ बसले आणि पहिल्याच ओळीला म्हणाले, "थांबा, गंधार उतरला. पुन्हा!"

तीच ओळ घोटून घोटून ओवी नावाची चिमुरडी हिरमुसली. "बुवा, आधी तुम्ही किती छान मान डोलवायचात!"

बुवा खळखळून हसले. "तेव्हा झोपलो होतो गं. गा, आता ऐकतोय."