सात हजार चारशे बारा

"एक लाख साठ. एक रुपया कमी नाही करत मी," लांब पल्ल्याच्या त्या बाइकभोवती फेऱ्या घालत शामरावकाका म्हणाले. बोटात चावी गरगर फिरत होती. "मीटर पाह्य, नीतू. सात हजार चारशे बारा. एकदम असली."

मी मोबाइलच्या उजेडात टायर पाहिले. दोन्ही गाडीसोबत आलेले, खाचा जवळजवळ नव्या. ब्रेकही तसेच. मीटरचा आकडा खराच होता, गाडी तेवढीच चालली होती.

"माझ्याजवळ एक चाळीसच हायेत, काका."

"मंग राहू दे."

तेवढ्यात बेबीकाकू चहा घेऊन आल्या. "घेऊन टाक, बेटा. मजबूत गाडी हाय. चार वर्सं झाले, दरसाल पंधरा दिवस हे एकटेच हिच्यावर लद्दाखले जातेत. एक पंक्चर नाही झालं म्हणतेत."

हिशोब माझ्या डोक्यात आपोआप झाला. भिलाईहून लडाखला जाऊन यायला साडेचार हजार किलोमीटर. चारदा म्हणजे अठरा हजार.

"पण काका, मीटरवर तर..."

चावी थांबली. काकू ट्रे धरून आमच्याकडे पाहत होत्या.

"मीटर मीच मांगं फिरवलं," काका घाईने म्हणाले. "एक चाळीस दे अन् आताच घेऊन जा."

"पोरीले फसवून राहिले होते तुमी?" काकू तडकल्या. "लाज नाही वाटत?"

"चुकलंच माझं," काका म्हणाले, आणि मघापासून पहिल्यांदाच खुर्चीत टेकले.