अफशाचा बॅज

सर, चूक तुमची आणि हकालपट्टी अफशाची, हे आम्ही खपवून घेणार नाही!

इथं आखातात, बौशरच्या आपल्या कॉलेजात किरणोत्सर्गी नमुन्यांची प्रॅक्टिकल्स यंदाच सुरू झाली. किती किरणं अंगावर पडली ते मोजणारा बॅज प्रत्येकानं छातीला लावायचा आणि निघताना तुमच्याकडे द्यायचा. पोरं बॅज हरवतात म्हणून तुम्ही ते कपाटात कुलूपबंद ठेवता. परवा गेल्या महिन्याचा रिपोर्ट आला आणि अख्ख्या वर्गात सर्वांत जास्त आकडा अफशाच्या बॅजवर निघाला. तुम्ही तिला सगळ्यांसमोर उभं केलंत.

“नमुने काय खेळायला दिलेत तुला? नियम पाळायला नकोत! खलास, आजपासून लॅब बंद. वर्ष गेलं तर माझ्याकडे रडत यायचं नाही.”

अफशा रडली नाही. तिनं मान वर केली आणि विचारलं,

.

.

“गेला महिनाभर मी श्रीवर्धनला होते सर, अम्मीच्या ऑपरेशनसाठी. बॅज तुमच्या कपाटात होता, नमुन्यांच्या डब्यांना खेटून. आता बोला, मी काय समुद्रापलीकडून हात लावला त्यांना?”