कासवी लांबून बघते

शुभानं हौदाच्या कठड्यावर हनुवटी टेकवली, ती बाबांच्या बाजूला. आई पलीकडे उभी होती.

बोटीनं जिनोआ आणि तिथून आगगाडीनं हॅम्बर्ग, असा प्रवास करून बापलेक काल सकाळी पोचले. तेव्हापासून पोरीनं स्नेहलताला एकदाही 'आई' म्हटलं नव्हतं. साडेतीन वर्षांपूर्वी, १९५८ साली स्नेहलता डॉक्टरेटसाठी इथं आली तेव्हा ही जेमतेम दोन वर्षांची. आता दोष तरी कुणाला द्यायचा? पण जिव्हारी लागायचं ते लागतंच. आपल्या संशोधनातलं कासव बघून तरी ती बोलेल, म्हणून स्नेहलतानं आज दोघांना इन्स्टिट्यूटच्या तळघरात आणलं होतं.

आणि पोर बोललीही.

"ही रडतेय."

शनिवारच्या साफसफाईसाठी हौद रिकामा केला होता. तळाशी ओल्या गोणपाटावर हिंदी महासागरातल्या बेटावरून आणलेली कासवी पसरली होती. पाट मांडून बसावं एवढी पाठ, आणि डोळ्यांतून चिकट पाण्याची धार.

"रडत नाही गं ती. समुद्राचं पाणी पिते ना, त्यातलं जास्तीचं मीठ डोळ्यांवाटे बाहेर टाकते. मी तेच मोजते."

"रोज हिचं रडणं मोजता?"

"गेनाऊ," सवयीनं जर्मन तोंडून निघून गेलं. "म्हणजे... बरोबर."

शुभानं कासवीच्या आजूबाजूला बघितलं. "हिची पिल्लं कुठेत?"

"तिकडे बेटावर. वाळूत अंडी घालते, आणि मग..." स्नेहलता थांबली. मग ती समुद्रात निघून जाते, मागे वळूनही बघत नाही. हे साऱ्या हॅम्बर्गात तिच्याइतकं पक्कं फार थोड्यांना ठाऊक असेल.

"मला माहितीये," शुभा म्हणाली. "आजी रोज सांगते. कासवी लांबून नुसती बघते, त्यानंच पिल्लं मोठी होतात. तशा तुम्हीपण इथून माझ्याकडे बघता."

सासूबाईंनी साताऱ्यात पोर तर सांभाळलीच, वर स्नेहलताची, आईची जागाही राखून ठेवली होती.

"बघता ना?"

"हो, बघते ना." म्हणताना तिला बरंही वाटलं.

शुभानं स्वेटरची बाही वर सरकवली. कोपराखाली लहानशा तळव्याएवढा गुळगुळीत, तांबूस डाग होता.

"मग हे कशानं झालं, सांगा."

डाग स्नेहलता पहिल्यांदाच बघत होती. दर पंधरा दिवसांनी घरून पत्र यायचं. शुभाचं वजन, शुभाचे पाढे, शुभाचा पडलेला दात, सगळं त्यात असायचं. हे कधी नव्हतं. परदेशात अभ्यास करणाऱ्या सुनेच्या जिवाला घोर नको, असाच विचार झाला असणार.

शुभाच्या डोक्यावरून श्रीनाथ, स्नेहलताचा नवरा, नुसतेच ओठ हलवत होता. बंब. पुन्हा एकदा, बंब. आंघोळीच्या पाण्याचा तापलेला बंब. एवढा एक शब्द बोलला की पोर आपली झाली. श्रीनाथचा चेहरा इतका केविलवाणा झाला होता, की त्याच्यासाठी तरी बोलावं असं तिला वाटलं. शब्द जिभेवर आलाही.

"मला नाही दिसलं," ती म्हणाली. "इथून काहीच दिसत नव्हतं गं."

श्रीनाथनं मान फिरवली.

शुभानं बाही खाली ओढली. मग कठड्याच्या कडेकडेनं वळसा घालून स्नेहलतापाशी आली, आणि बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,

"तुला दिसत नव्हतं, ते आजीला सांगू नकोस."