मोहाच्या झाडाची वायर

हिरालालनं बांधावर खुर्ची आणून ठेवली, वरून आपल्या दुपट्ट्यानं पुसलीसुद्धा. "बसा ताई," तो सुशिलाला म्हणाला. बारा वर्षांच्या संसारात या माणसानं शेतात बायकोला कधी पाण्याचा लोटा आणून दिला नव्हता. अल्का बांधीतल्या, धानाच्या वाफ्यातल्या, चिखलात उभी राहून ते पाहत होती आणि तिच्या पोटात दुखत होतं.

सुशिला काही कोणी मोठी बाई नव्हती. गेल्या सालापर्यंत अल्काच्या शेजारी ओणवी होऊन धानाचा रोवणा करायची. मग बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला आणि शिकायला एक बाई पाठवायचं ठरलं. आधी नाव अल्काचंच निघालं होतं. पण हिरालाल घरी म्हणाला, "बाईमाणसानं पंधरा दिवस बाहीर राहाचं? काही गरज नाही." तेव्हा अल्कानंच हसतहसत सुशिलाचं नाव सुचवलं. आज अख्खं केशोरी गाव तिला पायलट मॅडम म्हणत होतं.

सुशिला खुर्चीवर बसली नाही. रिमोट गळ्यात अडकवून तिनं नेहमीचा प्रश्न विचारला. "भाऊजी, बांधीत तार, खांब, वायर काही हाय काय? धडकला तं ड्रोन बी जाईल अन् माहं काम बी."

"काही नाही. एकदम साफ हाय," हिरालालनं छातीठोकपणे सांगितलं. महिनाभरात तो इकडे फिरकला नव्हता.

वायर होती. रानडुकरं धानात शिरतात म्हणून अल्कानं आठवड्यापूर्वी बल्ब लावला होता. मोटारीच्या खोलीपासून मोहाच्या झाडापर्यंत काळी वायर तिनंच ओढली होती. मागच्या झाडीत ती ठाऊक असल्याशिवाय दिसायची नाही. सुशिलानं अल्काकडेही पाहिलं. अल्का खाली वाकून पायाचा चिखल धुऊ लागली.

ड्रोन घरघरत उठला. बांधावरच्या माणसांनी मोबाईल काढले. पडू दे, अल्का मनात म्हणाली, सगळ्यांसमोर पडू दे. फवारत फवारत ड्रोन मोहाकडे निघाला. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. तिनं दात आवळून धरले.

वायरीच्या अलीकडे ड्रोन आपोआप थांबला आणि जागच्या जागी भिरभिरत राहिला. रिमोट टीं टीं करू लागला. यंत्राला वायर दिसली होती.

सुशिलानं ड्रोन खाली उतरवला आणि ती मोहापाशी गेली. वायर हिरव्या लुगड्याच्या चिंधीनं बांधली होती. ते लुगडं तिनं कितीतरी रोवण्यांत आपल्या शेजारी पाहिलेलं होतं. ती अल्काजवळ आली.

"तुले माहीत होतं. बोलली काऊन नाही?"

"पडाले पाहिजे होता," अल्का म्हणाली. खोटं बोलायचं तिला सुचलंच नाही.

"काय झालं जी?" हिरालाल ओरडला.

सुशिला बांधाकडे वळली. मोठ्यानं म्हणाली, "वायर होती भाऊजी. अल्कानं हात दाखवला म्हणून वाचला ड्रोन."

"वा!" बांधावरून कोणीतरी टाळी वाजवली. हिरालालही हसला.

अल्काला वाटलं, त्यापेक्षा हिनं चारचौघांत दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.